आक्काचा अजिंठा

आमच्याकडे मरणाची बातमी कधी सरळ येत नाही. ‘जरा सिरियस आहे, निघा’, ‘दवाखान्यात नेलंय, या तुम्ही’ असं म्हणत म्हणत ती येते आणि माणूस सगळा रस्ता खोट्या आशेवर काढतो. लोणारहून फोन आला तोही असाच. लॉजचे मालक बोलत होते. आक्का सकाळी स्वयंपाकाला आल्या नाहीत म्हणून त्यांच्या खोलीवर माणूस पाठवला, दार नुसतं लोटलेलं होतं, एका कुशीवर निजल्या होत्या... एवढं सांगून ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, मधुकररावांना एकदम सांगू नका, तब्येत बिघडली एवढंच म्हणा, येता येता कळू द्या. मी बरं म्हणून फोन ठेवला. आमचे हे अंगणात नळाखाली तोंड धूत होते. मी टॉवेल घेऊन गेले आणि तो त्यांच्या हातात देता देता सांगितलं, “आक्का गेली.” त्यांनी टॉवेल तोंडाला लावला तो बराच वेळ काढलाच नाही. नंतर नात्यातल्या बायका मला बोलल्या, बीपीच्या माणसाला असं फटकन सांगतात का. त्यांना काय उत्तर देणार? पण आक्काबद्दल लिहायचं तर ते उत्तर टाळून लिहिता येणार नाही.

आक्का म्हणजे माझी नणंद कौसल्या, ह्यांची थोरली बहीण. मी लग्न होऊन बीबी गावाला आले तेव्हा ती विधवा होऊन, कडेवरच्या सचिनला घेऊन माहेरी परतली होती. नवरा काविळीने गेला होता. सासरच्यांनी राहा म्हटलं असतं तर ती राहिली असती, पण कोणी म्हटलं नाही. घरात बसलेली नणंद आहे, जपून वाग, असं मला माहेरहून बजावून पाठवलं होतं. प्रत्यक्षात मी आले आणि आक्का त्या घरातून उठायची तयारी करू लागली. मी प्राथमिक शाळेवर रुजू झाले त्याच सुमारास तिने लोणारला खोली घेतली. जाऊ नको म्हणून मी रडले तर म्हणाली, “एका चुलीवर दोन बाया नको. दोघींच्याही भाकरी करपतात.” गेली ती भांडून नव्हे. आठवड्याच्या बाजाराला आली की माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्या मुलींच्या वेण्या घालून जायची.

लोणारला सरोवराच्या काठाजवळ एक लहानसं लॉज आहे. तिथे ती स्वयंपाकाला लागली आणि अखेरपर्यंत तिथेच राहिली. सरोवर बघायला परदेशी लोक येत, दगड तपासणारे कॉलेजचे विद्यार्थी येत, खालच्या जुन्या पडक्या देवळांसाठी येणारे येत. ज्वारीची भाकरी, ठेचा, तुरीचं वरण, वांग्याची भाजी... तिच्या हाताला चव होती. क्वचित एखादा पाहुणा मालकांना बाजूला घेऊन, स्वयंपाक कोण करतं, असं आडून विचारायचा. मालक भला माणूस. आक्का करतात, एवढं सांगायचा आणि पुढचा प्रश्न ऐकूच न आल्यासारखा निघून जायचा. आक्काला हे कळत असे. “त्याले भूक नसन लागली,” म्हणायची आणि तवा चढवायची.

सचिन त्या स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर वाढला. बारावीनंतर त्याचं शिक्षणात मन लागलं नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलून बोलून त्याने मोडकंतोडकं इंग्रजी उचललं होतं. ह्यांनी त्याला स्वतः गाडी शिकवली नाही, कारण हे एस.टी.त कंडक्टर, पण डेपोतल्या एका ड्रायव्हरच्या हाताखाली घातलं आणि लायसन काढून दिलं. मग तो लॉजच्या मालकांची पांढरी जीप चालवू लागला. लोणार पाहून झालं की बहुतेक पाहुण्यांना अजिंठ्याला जायचं असे. मेहकर, चिखली करत गाडी बुलढाण्याला चढायची. तिथे थंड हवेत एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे राजूरचा घाट उतरून लेण्यांकडे. लेण्यांत तो गाइडच्या मागे मागे फिरायचा आणि परत आला की आईच्या चुलीपुढे बसून सगळं सांगायचा. कमळ हातात धरलेला, खाली बघणारा तो देखणा बोधिसत्त्व. भिंतीवरचे हंस. आणि शेवटाकडच्या एका लेण्यातला आडवा झोपलेला, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब असा बुद्ध. खाली त्याची माणसं रडत बसलेली आणि तो मात्र झोप लागल्यासारखा शांत. आक्का भाकरी थापत ऐकायची. तुला नेतो, पुढच्या सीटवर बसवून नेतो, असं तो दर वेळी म्हणायचा, आणि एवढा सीझन जाऊ दे, असं ती दर वेळी म्हणायची.

पाहुण्यांना लेण्यांशी सोडून रिकामी जीप घेऊन परत येताना घाटात त्याचा अपघात झाला. वरून येणारा एक टेम्पो वळणावर आवरला नाही. दुपारची वेळ होती. फोन डेपोत गेला, हे ड्यूटीवरूनच परस्पर बुलढाण्याला गेले आणि संध्याकाळी सचिनला घेऊन लोणारला आले. आम्ही सगळ्या आक्काभोवती बसलो होतो. तिला तोवर कोणी काही सांगितलं नव्हतं. गाडी ठोकली आहे, पायाला लागलं आहे, एवढंच. हे खाकी कपड्यांतच दारात उभे राहिले आणि म्हणाले, “जागच्या जागी गेला, आक्का. त्याले समजलंही नाही.” त्यानंतर जो कोणी भेटायला येई त्याला ते हेच वाक्य सांगत. पुढे पुढे येणाऱ्या बायकाच ते म्हणू लागल्या, निदान लेकराला त्रास नाही झाला, बाई. एखाद्या पडक्या घराला टेकू द्यावा तसं ते वाक्य आमच्या घराला लागलं. आक्का ऐकून घ्यायची. मान हलवायची. ती रडली, पण चारचौघींत रडतात तेवढंच. पुढचं सगळं आत राहिलं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

थोड्याच दिवसांत ती लॉजवर परत गेली. पाहुण्यांना पुढे कुठे निघालात, असं विचारायची तिला सवय होती, ती बंद झाली. कोणी अजिंठ्याचं नाव काढलं की ती आत जाऊन भांडी लावू लागायची. चिखलीच्या पुढचा रस्ता आमच्या घरापुरता जणू बुजून गेला. ह्यांनी मलकापूर बाजूची ड्यूटी बदलून मागितली आणि जालना, रिसोडकडच्या गाड्यांवर जाऊ लागले. भाचा गेला त्या घाटातून रोज कसं जाववेल माणसाला, असं मी समजले. ते खरंच होतं, पण पुरतं नव्हतं.

बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झाले, हेही झाले. त्या दिवाळीनंतर आक्का आमच्याकडे आली होती. पोहे निवडता निवडता एकदम म्हणाली, “शीला, चाल, लेण्या पाहून येऊ.” मी ताट खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले, तर म्हणाली, “अशी काऊन पाहातं? गुडघे गेल्यावर कोन नेणार हाय मले?” हे लगेच मीही येतो म्हणाले. तिने साफ नाही सांगितलं. तू आलास की दर स्टॉपला घड्याळ बघशील, आम्हा दोघी बायांना आमच्या चालीनं जाऊ दे. ह्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, सोबत नेत नाही म्हणून उतरला.

बुलढाणा मी मीटिंगांच्या निमित्ताने पाहिलेलं होतं, पण आक्काबरोबर पाहिलं ते वेगळंच. चिखली सोडली की गाडी हळूहळू चढू लागते आणि खिडकीतून येणारा वारा बदलतो. जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी घाटमाथ्यावरचं लहान गावच ते. कचेऱ्यांच्या आवारातली जुनी मोठी झाडं, स्वेटर घातलेले वकील, सकाळी उशिरापर्यंत रस्त्यावर रेंगाळणारं धुकं. आम्ही स्टँडजवळच्या एका लॉजमध्ये सामान टाकलं आणि गावातून फिरलो. आक्का प्रत्येक चहाच्या टपरीपाशी चाल मंद करायची. सचिन इथल्या भज्यांचं फार कौतुक करायचा; पण कुठल्या टपरीवरच्या, ते तिने कधी विचारून घेतलं नव्हतं. मग आम्ही एका टपरीवर भजी घेतली, दुसऱ्या टपरीवर पुन्हा घेतली. तिसऱ्या ठिकाणी ती थांबली तेव्हा, आता पुरे, पोट बिघडेल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “राहू दे. यातली एक तं त्याची असनच.”

सकाळी मी पुढच्या बसची चौकशी करायला निघाले तर तिने हात धरला. बस नको, आधी घाटात उतरू, मला ती जागा बघायची आहे, म्हणाली. तेव्हा मला कळलं, की लेणी हे निमित्त होतं. नाही म्हणण्याचा मला काय अधिकार? ऑटो केला. घाट सुरू झाला की खाली मलकापूरकडचा सपाट मुलूख एकदम उघडा होतो. धुरकट, संपतच नाही असा. ह्यांच्या बोलण्यातून मला एवढंच माहीत होतं, की मोठ्या वळणाच्या अलीकडे, जिथे कठडा आत वळतो तिथे. तिथे चार बांबूंवर पत्रा टाकलेला एक आडोसा होता आणि एक वयस्कर बाई सीताफळांच्या टोपल्या लावत बसली होती. तिचं नाव गोदाबाई. पावसाळ्यात कणसं भाजायची, दिवाळीच्या पुढेमागे सीताफळं विकायची, आणि वर्षानुवर्षं तिथेच बसायची, हे सगळं नंतर कळलं. आक्काने तिला सरळ विचारलं, इथे काही वर्षांखाली जीपचा अपघात झाला होता, आठवतो का? ती म्हणाली, इथे लई होतात, बाई, कोणता? आक्का म्हणाली, पांढरी जीप होती, एकटाच पोरगा होता, लोणारचा. गोदाबाईचा हात टोपलीत थांबला. तिने आक्काच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“तुमी कोन त्याच्या?”

“माय.”

गोदाबाईने पोत्याचा तुकडा पसरला, त्यावर आम्हाला बसवलं आणि मग सांगितलं. आपण काही लपवायला हवं, हे त्या बाईच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं, आईला हे ठाऊकच असणार. सचिन जागच्या जागी गेला नव्हता. तो गाडीबाहेर फेकला गेला होता, कमरेखाली काही उरलं नव्हतं, पण तो शुद्धीवर होता, बोलत होता. तासभर तरी असेल. ती पळत गेली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कोणी येतंय असं दिसलं की डोकं अलगद खाली ठेवून रस्त्याच्या मधोमध उभी राहायची, पदर हलवायची. गाड्या मंद व्हायच्या, आतली माणसं काचेतून बघायची आणि पुढे जायची. दोन-चार जण थांबले ते नुसते उभे राहिले; गाडीत घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी एका दुधाच्या गाडीवाल्याने घेतलं, तोवर उशीर झाला होता. जीप फार मोडली का, मालक रागावतील, असं तो विचारत होता. मग तिने त्याला घरी कोण आहे म्हणून विचारलं. हे सांगताना ती अडखळली. “म्हणे, आईले नका सांगू आत्ता. आई सैपाकात असन.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. आक्का हलली नाही. तिच्या समोर टोपली होती, त्यातली पिकलेली सीताफळं ती एकेक दाबून बघत बाजूला काढू लागली होती. आपण काय करतो आहोत हे तिलाही कळत नसावं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “पानी मांगलं का त्यानं?”

“मांगलं. उभे होते ते लोकं म्हणे, पानी देऊ नका, पानी देल्लं तं जीव जाते. मंग मी पदर भिजवून ओठ वल्ले केले. पोटभर नाई देल्लं.” गोदाबाईने पदराचं टोक मुठीत धरलं. “जीव तं गेलाच, बाई. देऊन देयाले पाह्यजे होतं.”

“पन एकटा नव्हता तो?”

“नाई. माह्या मांडीवर होता.”

आक्काने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. उठताना गोदाबाई सहज म्हणाली, की तुमचे भाऊ आले होते ना पुढे दोन-तीन दिवसांनी, खाकी कपड्यातले, त्यांनाही सगळं सांगितलं होतं, इथेच बसून फार रडले बिचारे...

वर परत निघालो तेव्हा मी संतापले होते. बहिणीला खोटं सांगितलं ते एक वेळ समजू शकते, पण मला? एका घरात, एका ताटात जेवणाऱ्या बायकोला? मी ऑटोतच बोलू लागले. आक्काने मला बोलू दिलं. मग म्हणाली, “मधूले काही बोलू नको. त्यानं माह्यासाठी इतके वर्सं गिळलं. आता मी त्याच्यासाठी गिळतो. तू बी गिळ.”

पुढे लेण्यांना आम्ही गेलोच नाही. पण लगेच घरीही जाता येईना, कारण लेण्यांचा दिवस भरायला हवा होता. म्हणून ती सगळी दुपार आम्ही त्या गावात कचेरीसमोरच्या झाडाखाली पारावर बसून काढली. माणसं आपापली कागदपत्रं घेऊन येत होती, जात होती. तिथे, भर रहदारीत, आक्का रडली. इतक्या वर्षांचं साठलेलं रडली. एक पोलीस येऊन विचारून गेला, कोर्टात निकाल विरुद्ध लागला का, आजी. मी हो म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, कशा होत्या लेण्या? मी आत निघून गेले. आक्का ओसरीवर बसली आणि सांगू लागली. कमळवाला बोधिसत्त्व सांगितला, हंस सांगितले, अंधारात गाइड लोक बॅटरी कशी मारतात ते सांगितलं. सचिनने चुलीपुढे बसून सांगितलेलं सगळं, त्याच्याच शब्दांत. झोपलेल्या बुद्धाशी आली तेव्हा जरा थांबली. “पायाशी-उशाशी माणसं हायत, मधू. रडून राह्यली, पन जवळ हायत,” म्हणाली. हे मान खाली घालून ऐकत होते. मी आतून दोघांकडे बघत होते आणि माझा राग तिथेच ओसरला. रागावणार तरी कोणावर?

त्यानंतर दर दिवाळीनंतर आम्ही अजिंठ्याला निघत असू आणि बुलढाण्याहून परत येत असू. आक्का भाकरी-ठेचा बांधून घ्यायची, गोदाबाईबरोबर त्या पत्र्याखाली जेवायची. दोघी फार बोलत नसत. गिऱ्हाईक आलं तर आक्काच सीताफळं मोजून द्यायची. कधी मध्येच विचारायची, त्याच्या अंगावर शर्ट कोणता होता, डोळे उघडे होते का. गोदाबाई आठवेल तेवढं सांगायची. आठवत नसेल तर नाही आठवत म्हणायची, रचून सांगायची नाही. एका वर्षी आम्ही गेलो तर पत्रा खाली पडलेला होता आणि बांबू कोणी नेले होते. पुढच्या वळणावरच्या विक्रेत्याने सांगितलं, की गोदाबाई उन्हाळ्यातच गेली. आक्का त्या रिकाम्या जागेवर उभी राहिली. म्हणाली, “आता त्याचं कोनी नाई राह्यलं, शीला.” मी तिला म्हटलं, चल, आता तरी पुढे जाऊ, खरोखरची लेणी बघू, आलोच आहोत तर. तिने मान हलवली. पाय नाहीत चालत, म्हणाली. त्यानंतर तिने त्या वाटेचं नाव काढलं नाही.

शेवटची दोन वर्षं तिची साखर वाढली होती, पाय सुजायचे. आमच्याकडे येऊन राहा, असं हे दर फोनला म्हणायचे. चुलीवरून उठवाल तर लवकर मरेन, असं ती म्हणायची आणि आम्ही हसत असू. एकटी गेली. कोणाच्या मांडीवर नाही, कोणी ओठ ओले केले नाहीत. लोक म्हणतात, झोपेत गेली, त्रास झाला नाही. म्हणोत. मी आता त्या वाक्यावर विश्वास ठेवत नाही आणि ठेवायचा नाही, असंही म्हणत नाही... कोणी पाहिलं आहे?

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. दुपारी हे खाटेवर पडले होते. छताकडे बघत म्हणाले, की एक बरं झालं, सचिनचं खरं काय ते तिला अखेरपर्यंत माहीत पडलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्यासमोर, काहीतरी खरं वेगळं होतं, असं कबूल केलं होतं. आक्काने गिळ म्हटलं होतं ते तिच्या असण्यापुरतं, असं मी स्वतःच ठरवलं आणि त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. घाट, गोदाबाई, पार, न पाहिलेली लेणी.

लेण्यांचं ऐकून त्यांना नवल वाटलं नाही. लेण्यांच्या पायथ्याला आपली गाडी सोडून दुसऱ्या बसनं वर जावं लागतं, आक्काच्या सांगण्यात ती बस कधी आलीच नाही, म्हणाले. कंडक्टरच शेवटी. ते समजले होते, की आम्ही दोघी घाटापाशी येऊन हिंमत न झाल्याने दर वेळी माघारी फिरतो आणि लाजेपोटी लेणी पाहिली म्हणून सांगतो. म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, “ते... सैपाकातलं? तेही सांगतलं तिले त्या बाईनं?”

मी हो म्हटलं.

ते उठून बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “आधी मले बी लोकायनं जागच्या जागी गेला असंच सांगतलं होतं, खरं त्या बाईकडून मंग कळलं. पोरानं शेवटचं एवढंच मांगलं होतं, शीला. आईले सांगू नका. मंग मी कसं सांगू?”

 मी इतकी वर्षं समजत होते, की हे बहिणीला जपण्यासाठी खोटं बोलत राहिले. त्यांनी भाच्याचा शब्द पाळला होता. तो ‘आत्ता नका सांगू’ म्हणाला होता, आणि ह्यांना ते ‘आत्ता’ कधी संपलं असं वाटलंच नाही.

हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं. लिही, म्हणाले, आता कोणापासून लपवायचं आहे?

गेल्या आठवड्यात आम्ही आक्काची खोली रिकामी करायला लोणारला गेलो. रिकामं करण्यासारखं फार नव्हतंच. भांडी, दोन गोधड्या, भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. किल्ली द्यायला लॉजवर गेलो तर मालकांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. आक्काच्या जागी एक नवी बाई आली आहे, सुलतानपूरकडची. तेवढ्यात एक गाडी आली; नागपूरकडचं एक कुटुंब होतं, पोरंबाळं दमलेली, भुकेली. ती मंडळी हात धुऊन टेबलाशी बसली, पण त्या बाईने पहिलं ताट वाढलं ते त्यांच्यापुढे ठेवलं नाही. ती ते घेऊन बाहेर ओट्यावर गेली आणि गाडी पुसत उभ्या असलेल्या, केस पिकलेल्या ड्रायव्हरला हाक मारून बसवलं. पाहुण्यांपैकी एक बाई जरा नाराजीने बघू लागली. मालक आम्हाला म्हणाले, की आक्कांची पद्धत आहे ही. सचिन गेल्यापासून ड्रायव्हरचं ताट आधी, आणि त्याचं जेवण झाल्याशिवाय पाहुण्यांनी निघायची घाई करायची नाही. किती जणांनी तक्रारी केल्या, पण त्या ऐकायच्या नाहीत. नव्या बाईला त्यांनी स्वतः शिकवून ठेवलं होतं.

ड्रायव्हर भाकरी कुस्करून वरणात कालवत होता. नवी बाई त्याला म्हणाली, सावकाश होऊ द्या, भाऊ, अजून एक टाकते तव्यावर. हे दारात उभे होते. मी जेवायला बोलावलं तरी आले नाहीत. त्या माणसाने हात धुऊन, तोंड पुसून, टोपी घातली तेव्हाच ते आत आले आणि माझ्या शेजारी बसले.